माजी सैनिक, अपंग : उद्योग व शासकीय कंत्राटे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या लघुउद्योगांना संघीय कंत्राटांत वाटा मिळावा म्हणून १९९९ च्या कायद्याने एकूण कंत्राटमूल्याच्या ३ टक्क्यांचे लक्ष्य ठरविण्यात आले. कंत्राटे राखून ठेवण्याचा अधिकार मात्र शासकीय खात्यांना २००३ मध्येच मिळाला आणि लक्ष्य प्रथम २०१२ च्या वित्तीय वर्षात गाठले गेले. उद्योगाची किमान ५१ टक्के मालकी व प्रत्यक्ष नियंत्रण अशा सैनिकाकडे असावे लागते; परंतु बहुतेक खाती उद्योजकाचे स्वतःचे निवेदनच ग्राह्य मानीत. दहा अपात्र उद्योगांनी सुमारे १० कोटी डॉलरांची कंत्राटे मिळविल्याचे २००९ मध्ये शासकीय लेखातपासणीत आढळले. २००६ च्या कायद्याने माजी सैनिक व्यवहार खात्यावर या उद्योगांना अग्रक्रम देण्याचे बंधन घातले. वार्षिक लक्ष्य पुरे झाल्यावर ते उरत नाही, असा सोयीस्कर अर्थ खात्याने लावला. किंग्डमवेअर खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. किमान दोन पात्र उद्योग वाजवी किंमतीत निविदा भरतील अशी अपेक्षा असल्यास लक्ष्यपूर्तीनंतरही कंत्राट राखून ठेवणे या खात्यास त्यामुळे बंधनकारक ठरले. प्रमाणनाचे काम १ जानेवारी २०२३ पासून लघुउद्योग प्रशासनाकडे आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील कायद्याने लक्ष्य ५ टक्के झाले.