पाव, कप आणि बाकडं

माझं आजोळ अकोल्याचं. जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून जवळच, मामूंची लहानशी बेकरी होती. आत लाकडाची भट्टी, पुढे काचेच्या बरण्या आणि दाराशी दोन बाकडी. पाव, खारी, टोस्ट, नानकटाई आणि चहात बुडवून खायचे कडक बटर. सकाळी हमाल यायचे, शाळकरी पोरं यायची, कापूस विकायला आलेले शेतकरी यायचे. "चाचा, बटर आजचेच हायेत ना?" असं विचारूनच बसायचे.

एका खेड्यातले गुरुजी दर शनिवारी टोस्ट बांधून न्यायचे, पण बाकड्यावर कधी बसायचे नाहीत. एकदा जोराचा पाऊस आला. मामूंनी न विचारताच चहा पुढे केला. गुरुजींनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग कप उचलला. ते पाहणं मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे शिक्षक झालो, इतिहास वाचला, तेव्हा कळलं.

पाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, शब्दही त्यांचाच. विहिरीत पाव टाकला की पाणी पिणारं गाव बाटतं, अशा गोष्टी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. कुणाच्या हातचं खाल्लं यावर माणसाची जात टिकायची किंवा जायची. म्हणून 1849 मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली, तेव्हा सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. तेही गुपचूप. 1860 च्या सुमारास सभासदांची नावं फुटली आणि सभा मोडली. एका पावाच्या तुकड्याची एवढी दहशत होती.

1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा प्रसंग घडला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांनाही त्यापायी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. उलट कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा राजाने भर रस्त्यावर घेतला, तर बाकीच्यांनी काय सबब सांगायची?

आमच्या वऱ्हाडात 1867 पर्यंत रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. कापसाच्या व्यापाराने बाजार वाढले, अनोळखी माणसं एकमेकांशेजारी आली. पण शेजारी येणं म्हणजे बरोबरीने बसणं नव्हे. 1927 मध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाची तयारी करावी लागली, यावरून काय ते समजा. 26 जानेवारी 1950 पासून संविधानाचं कलम 15 सांगतं की दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत धर्म किंवा जातीवरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही. त्या बाकड्यामागे एवढा इतिहास आहे.

इथवर लिहून थांबलो असतो तर मामूंची बेकरी फार सुंदर दिसली असती. पण खरं सांगायला हवं. बेकरीच्या मागच्या भिंतीवर, खिळ्याला, कान तुटलेला एक कप टांगलेला असायचा. गल्लीची नाली साफ करणारे काका आले की त्यांना त्याच कपात चहा मिळायचा. ते उभ्यानेच प्यायचे, स्वतःच धुवायचे आणि कप परत टांगायचे. ज्या घरात जुम्याच्या खुतब्यानंतर मसावातवर, म्हणजे समतेवर, तास-तास बोलणं व्हायचं, त्याच घरातला हा कप. मी एकदा विचारलं, "मामू, यह कप अलग क्यूँ?" ते म्हणाले, "रिवाज है, बेटा." दस्तरखान एक असावा म्हणणाऱ्या आम्हालाही रिवाज पुरेसा वाटला. पुढे काचेचे ग्लास आले आणि तो कप कधीतरी नाहीसा झाला. कुणी फोडला नाही, कुणी माफीही मागितली नाही.

आता मी अमरावतीत राहतो. शाळेजवळ अशीच एक बेकरी आहे. मध्यंतरी एका गिऱ्हाईकाने खारीचं पाकीट हातात घेतलं, मालकाचं नाव विचारलं, ऐकलं आणि पाकीट परत ठेवून निघून गेलं. मालक काही बोलला नाही, फक्त पाकीट पुन्हा नीट रचून ठेवलं. आम्ही बसलेले सगळे चिडलो. मीही चिडलो. घरी येताना मात्र तो खिळ्यावरचा कप डोळ्यांपुढून हलेना.

नाव विचारून खारी नाकारणं चूक आहे, आणि ते आपण ठणकावून म्हटलंच पाहिजे. पण ते म्हणण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच शोभेल, जेव्हा आपल्या भिंतीवरच्या कपाचाही हिशोब आपण देऊ. नाली साफ करणाऱ्या काकांचं नाव मला आजही माहीत नाही. आम्ही कुणी ते कधी विचारलंच नव्हतं.