शिवेवरचा दिवा

आमचं गाव तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे आणि आजीचं माहेर पलीकडे, पेडण्यात. मधे होडीची एक फेरी. पण आजी लग्न होऊन आली तेव्हा तेवढ्यातच राज्य बदलायचं. इकडे आधी सावंतवाडीचं संस्थान, मग मुंबई राज्य, तिकडे फिरंगी. १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पेडणं पोर्तुगिजांकडे गेलं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीच्या लेखी ते 'मागे कधीतरी' गेलं होतं आणि जाताना गावदेवी सातेरीला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

आजी मानायची ती शीव निराळी. ती सांभाळणारा देवचार. त्याचं नाव दिवेलागणीनंतर घ्यायचं नाही, 'राखणदार' म्हणायचं. खांद्यावर कांबळं, हातात काठी आणि चूड. रात्रभर शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, असं ती छातीठोक सांगे. राखणदार फिरतात म्हणून तर आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात आणि त्या झिजतात, हा तिचा पुरावा. मी एकदा विचारलं, "राखणदार खाडी ओलांडून पलीकडे जाता?"

"जाता मगे! तेका खयचो पास?"

या राखणदाराला वर्षाला रोट द्यावा लागे. तांदळाच्या पिठाचा जाडजूड रोट, केळी, विडी आणि एक बाटली. बाटलीशिवाय रोट म्हणजे आमंत्रण देऊन पानावर मीठ न वाढणं. इथे गोची झाली. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, आणि तो करणाऱ्यांनी राखणदाराचा विचार केलेला दिसत नाही. काजूची फेणी खाडीपलीकडून आणायची, म्हणजे चोरून. ती जबाबदारी आजोबांवर का यायची, हे लहानपणी मला कळत नसे.

आता वाटतं, नुसती फेणीच येत नसावी. त्या काळात गोव्यात परदेशी घड्याळं, सोनं, तलम कापड स्वस्त, आणि इकडे त्याला गिऱ्हाईक भरपूर. गावातली बरीच माणसं 'रात्रीच्या कामाला' जात. आमच्या घरात जमिनीच्या मानाने भांडी जरा जास्तच होती. शिवेवर मध्यरात्री दिवा हलताना दिसला की गाव दारं लावून घेई. राखणदार फिरतोय, बघायचं नाही. एकदा म्हणे पलीकडच्या पाखल्याने, म्हणजे फिरंगी शिपायाने, त्या दिव्यावर गोळी झाडली आणि सकाळी त्याचीच टोपी माडाच्या शेंड्यावर सापडली. आजी हे सांगताना हात जोडी. आजोबा सुपारी कातरत राहत. टोपी कुणी बघितली, असं विचारलं की दोघंही तिसऱ्याच माणसाचं नाव सांगत.

मग १९५५ आलं. १५ ऑगस्टला हद्दीवरच्या पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल तिथे पडला. त्या दिवशी आमच्या वाडीत चूल पेटली नाही, असं आजी सांगे. मोठी काकी म्हणे की पेज तरी झाली होती. हद्द बंद झाली, व्यापार थांबला. पलीकडे हॉलंडचे बटाटे जहाजाने येऊ लागले. त्यातले थोडे आजीपर्यंत कसे पोचले, ते विचारू नये. तिने सुंगटं घालून कालवण केलं आणि निकाल दिला, "चव नाय. पाण्यातसून इलेत मा, पाणीच लागतला."

तिचे वडील याच वर्षांत गेले. कळलं ते बारावं उलटल्यावर, आणि कळवलं ते टपालाने नव्हे. रात्रीच्या कामावरून परतलेले आजोबा पडवीत बराच वेळ बसून राहिले, मग आत जाऊन तिला सांगितलं. त्यांना कुठून कळलं, हे तिने विचारलं नाही. त्यानंतर दिव्याची गोष्ट निघाली की तीही थोडी सावरून बोलायची, असं माझी आई म्हणते.

डिसेंबर १९६१ मध्ये लष्कर आत गेलं आणि दोन दिवसांत फिरंगी संपला. वाट मोकळी झाली तशी आजी खापरोळ्यांचा डबा घेऊन होडीत बसली. तिच्या आईने पहिली तक्रार केली ती रस पातळ झाल्याची.

दिवाही त्याच सुमाराला दिसेनासा झाला. आजीच्या मते बॅटऱ्या आल्या म्हणून राखणदार रागावला. आजोबा म्हणत, "तेका आता काम खय रवला?"

काम मात्र पुरतं संपलं नव्हतं. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रापासून वेगळा राहिला, खाडीवरची रेघ राज्याची हद्द म्हणून उरली आणि बाटलीचा भावही दोन्हीकडे वेगळाच राहिला. मी हाफ पँटीत असताना आजोबांबरोबर रोटाची बाटली आणायला गेलो होतो. परतताना नाक्यावरच्या पोलिसाने पिशवीकडे बोट दाखवलं. आजोबा म्हणाले, "राखणदाराची आसा." त्याने पिशवी उघडली नाही. फक्त विचारलं, "रोट कधी?" आणि आमच्या हातून त्याच्या नावाची दोन केळी पाठवली.