शुश्रूषा : बालहृदयरोगाच्या इतिहासाची दुसरी बाजू



आयुष्यभर भाषा शिकवलेल्या माणसाने वैद्यकाच्या इतिहासावर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु या विषयाकडे मला एका शब्दानेच आणले. तो शब्द म्हणजे ‘शुश्रूषा’. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. त्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून शुश्रूषा हा शब्द झाला. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकणे, मग गुरूची सेवा, आणि सेवेतून आजाऱ्याची देखभाल, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला तेथे वैद्याच्या पंक्तीला बसवलेले आहे. पुढे आपल्या समाजाने त्याला त्या पंक्तीतून उठवले. परक्या माणसाचे मलमूत्र काढणारी बाई ही कुलीन कशी, असा प्रश्न विचारणारी पिढी फार जुनी नव्हे.

मराठी मुलखात या समजुतीला छेद देणाऱ्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पुण्याचे सेवासदन १९०९ साली सुरू झाले, आणि तेथून मुली व विधवा ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी जाऊ लागल्या. केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली तेव्हा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, आणि रमाबाईंनी उठून त्यांना खडसावले, असा एक प्रसंग सांगितला जातो. आज आपण रमाबाईंना आत्मचरित्रकार म्हणून अभ्यासक्रमात नेमतो. मला स्वतःला त्यांचे हे दुसरे कार्य अधिक कठीण वाटत आले आहे. पुस्तक लिहिण्यास एकटीचे धैर्य पुरते. येथे दुसऱ्यांच्या लेकीसुनांना धैर्य द्यावयाचे होते.

मुलांच्या हृदयाच्या बाबतीत या कामाला विशेष अर्थ आहे. हृदयरोग म्हणजे उतारवयाचा आजार, ही आपली सार्वत्रिक समजूत. वस्तुतः हजार नवजात बालकांमागे आठ-नऊ बालके हृदयात जन्मजात दोष घेऊन येतात. शिवाय जन्मतः धडधाकट असलेल्या मुलांना गाठणारा दुसरा रोग आहे, तो संधिवाताच्या तापाचा. पाच ते पंधरा या शाळकरी वयात घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात, आज गुडघा तर उद्या घोटा; सांधे बरे होतात आणि हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या दुखावतात. यातील काही मुलांचे हातपाय आपोआप हलू लागतात. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ साली त्याचे वर्णन केले आहे. अक्षर बिघडते, हातातली पाटी पडते, मूल वर्गात वेडीवाकडी तोंडे करते. अशा किती मुलांनी यासाठी छड्या खाल्ल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही शाळेच्या दप्तरात सापडणार नाही.

पाश्चात्त्य देशांत ही झडप अरुंद होण्यास दशके लागत. भारतात ती विशीच्या आतच अरुंद झालेली आढळते, ही गोष्ट दिल्लीच्या डॉक्टरांनी १९६३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पेनिसिलीन येण्यापूर्वी या रोगावर मुख्य उपाय एकच होता : अंथरुण. मूल महिनोन्‌महिने निजवून ठेवायचे. म्हणजे उपचार हा सर्वस्वी परिचारिकेच्या हाती. पाठीला जखमा होऊ न देणे, नाडी मोजणे, आणि खेळकर वयाच्या जिवाला रडू न देता पडून राहायला लावणे! (आपल्या देवासलाच १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व येऊन राहिले आणि भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली, हे येथे कोणाला सांगावे लागू नये. तो रोग फुप्फुसाचा, परंतु औषध हाती येईपर्यंत माणूस जपून ठेवण्याची ती विद्या एकच.)

शस्त्रक्रियेचा इतिहास ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. १९३८ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी एका मुलीची जन्मानंतर मिटावयाची राहिलेली रक्तवाहिनी बांधली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथे आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी निळ्या पडलेल्या बालकावर शस्त्रक्रिया केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. बाल्टिमोरच्या शस्त्रक्रियेमागची कल्पना हेलन टॉसिग यांची. त्यांना ऐकू येणे फार कमी झाले होते. मुलांच्या छातीवर बोटे ठेवून त्या हृदयाची लय जाणून घेत. ऐकण्याच्या इच्छेचे याहून समर्पक उदाहरण मला कोशात सापडलेले नाही.

परंतु शस्त्रक्रियेच्या अलीकडे आणि पलीकडे जे घडते त्याला तारखा नसतात. निळे पडणारे मूल खेळता खेळता आपणहून उकिडवे बसते. झटका आला की परिचारिका त्याचे गुडघे छातीशी दाबून धरते. पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. मुलाने जे शरीराने शोधले, तेच तिने शास्त्र म्हणून शिकलेले असते. तान्हे बाळ दूध ओढताना थांबते, दमते, कपाळावर घाम येतो; हृदय थकल्याची ही खूण प्रथम आईला दिसते, आणि आईचे ऐकून घेणारी परिचारिका असेल तरच ती डॉक्टरांपर्यंत पोहोचते. हृदयाचे औषध देण्यापूर्वी ठोके पूर्ण एक मिनिट मोजावयाचे, पंधरा सेकंद मोजून चौपट करावयाचे नाहीत. वजन रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर. अंगात साचणारे पाणी डोळ्यांना दिसण्याआधी काट्याला कळते.

आता आपल्या माळव्याकडे वळतो. पवारांच्या धार आणि देवास संस्थानांबरोबर येथे मराठी कुटुंबे रुजली, परंतु मोठ्या दुखण्याची वाट मराठी-माळवी सर्वांना एकच राहिली. पीपलरावांसारख्या गावातून आजारी मूल न्यावयाचे तर सोनकच्छ, देवास आणि शेवटी इंदूर. २०११ साली मध्य प्रदेश शासनाने मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना सुरू केली आणि गरिबाच्या मुलाला शस्त्रक्रियेचे दार उघडले. २०१३ पासून शाळा व अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही आला. या दोन्ही गोष्टींचे मी मनापासून स्वागत करतो.

तथापि संधिवाताच्या तापाने ज्याची झडप दुखावली, त्या मुलाचा प्रश्न एका शस्त्रक्रियेने सुटत नाही. त्याला दर एकवीस दिवसांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते, तेही किमान दहा वर्षे. वर्षाला सतरा, म्हणजे दहा वर्षांत पावणेदोनशेच्या घरात. इंजेक्शन दुखते. क्वचित त्याची तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून गावोगावी ते देण्यास कचरणारेही पुष्कळ असतात, आणि मूल परत पाठवले जाते. तारीख टळली की घसा पुन्हा धरतो, ताप पुन्हा येतो, आणि उरलेली झडपही जाते. इंदूरला यशस्वी झालेली शस्त्रक्रिया गावच्या उपकेंद्रात हरू शकते.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींपैकी ज्या परिचारिका झाल्या, त्यांची नावे गौरवफलकावर डॉक्टर आणि अभियंत्यांच्या शेजारी लिहावीत, अशी विनंती मी व्यवस्थापनाला करतो. आणि येथील शिक्षकांना आणखी एक : ज्या मुलाच्या हातातून पाटी पडते, त्याला उभे करण्यापूर्वी गेल्या महिन्यात त्याचा घसा दुखला होता काय, एवढे विचारावे.