मालमोटारीचें नाक

कोणत्याही यंत्राचा आकार त्याच्या उपयोगावरून ठरतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नांगर जसा आहे तसा तो जमिनीमुळें आहे, होडी जशी आहे तशी ती पाण्यामुळें आहे, असें आपण मानतों. आणि बहुधा तें खरेंही असतें. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मालमोटारींचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे या समजुतीला एक मोठा अपवाद सांपडतो. तेथील इ. स. १९७० च्या सुमाराची लांब मजलीची मालमोटार पाहावी, तर तिला पुष्कळदां नाकच नाहीं. तोंड भिंतीसारखें सपाट. वीसपंचवीस वर्षांनंतरची पाहावी, तर तिला हातभर नव्हे, चांगलें पुरुषभर नाक आलेलें. मधल्या काळांत माल फारसा बदलला नव्हता, रस्तेही बहुतेक तेच होते. मग हें नाक गेलें कोठें होतें, आणि परत आलें कसें? याचें उत्तर कारखान्यांत मिळत नाहीं. तें कायद्याच्या पुस्तकांत मिळतें.

प्रथम या गाडीची रचना सांगितली पाहिजे. ही एक गाडी नसून दोहोंची जोडी आहे. पुढें इंजिन व चालक यांना वाहणारा ट्रॅक्टर, आणि मागें मालाचा ट्रेलर. या ट्रेलरला पुढचीं चाकें नसतात. त्याचें पुढचें टोंक ट्रॅक्टरच्या पाठीवर टेंकलेलें असतें. क्लीव्हलंडचा मोटार-कारखानदार अलेक्झांडर विंटन यानें एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस, आपल्या नव्या मोटारी गिऱ्हाइकांना पोंचविण्याकरितां, असा एक गाडा केला होता. पुढें १९१४ सालीं डेट्रॉइट येथील ऑगस्ट फ्रूहॉफ नांवाच्या लोहाराकडे एक लांकडाचा व्यापारी आला. आपली नाव फोर्ड मोटारीच्या मागें जोडून नेतां यावी, एवढीच त्याची मागणी होती. फ्रूहॉफनें केलेला गाडा इतका सोयीचा ठरला कीं त्या व्यापाऱ्यानें आपल्या वखारीच्या कामासाठींही तसेच गाडे करवून घेतले. हौसेच्या नावेसाठीं निघालेली ही युक्ति अशा रीतीनें व्यापाराच्या कामीं आली.

या जोडीचा प्राण तिच्या सांध्यांत आहे. ट्रॅक्टरच्या पाठीवर वंगण माखलेली एक जाड आडवी तबकडी असते, आणि तिच्या खांचेंत ट्रेलरच्या पोटाखालचा दोन इंच व्यासाचा पोलादी खुंट अडकतो. या तबकडीला ‘पांचवें चाक’ म्हणतात. वस्तुतः तें रस्त्यावर कधींच धांवत नाहीं. हें नांव घोडागाडीच्या काळापासून चालत आलेलें आहे. मुंबईच्या व्हिक्टोरियासारख्या चारचाकी गाडीचा पुढचा आंस वळविण्यासाठीं एक आडवें कडें बसविलेलें असे. चार उभ्या चाकांच्या जोडीला हें आडवें, म्हणून तें पांचवें. दोन्ही गाड्यांमधून ब्रेकच्या हवेच्या नळ्या जातात, व त्यांचीं तोंडें हस्तांदोलन करणाऱ्या हातांप्रमाणें एकमेकांत गुंततात. आजच्या रचनेंत पार्किंगच्या ब्रेकची बळकट स्प्रिंग हवेच्या दाबानें आवरून धरलेली असते. नळी तुटून हवा निघून गेली, तर गाडी मोकाट न सुटतां ब्रेक आपोआप आवळले जातात. येथवर सर्वत्र उपयोगाचेंच राज्य आहे. कायद्याचें राज्य यापुढें सुरू होतें.

१९१३ सालीं मेन, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया व वॉशिंग्टन या चार राज्यांनीं मालमोटारींच्या ओझ्यावर प्रथम मर्यादा घातली. भरीव रबराचीं चाकें तेव्हांच्या रस्त्यांची जी दुर्दशा करीत, ती पाहतां हें योग्यच होतें. १९५८ ते १९६० या काळांत इलिनॉय राज्यांतील ओटावा गांवाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून भरलेल्या मालमोटारी सतत फिरवून एक प्रचंड प्रयोग करण्यांत आला. आंसावरील भार दुप्पट झाला असतां रस्त्याची झीज दुप्पट न होतां सुमारें सोळापट होते, असें त्यावरून दिसून आलें. म्हणजे अपराध ओझ्याचा तितका नाहीं, जितका तें थोड्या आंसांवर लादण्याचा आहे. पुलांची गोष्ट याहून थोडी निराळी. तेथें आंसांची संख्या पुरत नाहीं. ते एकमेकांपासून दूरही असावे लागतात, नाहींतर सगळा भार पुलाच्या एकाच भागावर येतो. १९७४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें या विचाराला गणिती सूत्राचें रूप दिलें व एकूण वजनाची मर्यादा ८०,००० पौंड ठरविली. या सूत्राप्रमाणें पांच आंसांच्या गाडीला हें पूर्ण ओझें न्यावयाचें असेल, तर तिच्या पहिल्या व शेवटच्या आंसांत सुमारें ५१ फूट अंतर पाहिजे.

या गणिताच्या खुणा गाडीच्या अंगावर जागोजाग दिसतात. मिशिगन राज्यांत अकरा आंसांवर १,६४,००० पौंडांपर्यंत एकूण वजनाची गाडी चालते, आणि ती रस्त्यानें जातांना गोम चालल्याचा भास होतो. अनेक ट्रेलरांचे मागचे आंस खिळी काढून पुढेंमागें सरकवितां येतात. कांट्यावर एखाद्या आंसजोडीचा भार जास्त भरला, तर चालक ते सरकवून वजनाची वांटणी पुन्हां करतो. कॅलिफोर्नियाच्या हद्दींत लांब ट्रेलरचा खुंट व शेवटचा आंस यांत ४० फुटांहून अधिक अंतर चालत नाहीं. तेव्हां तेथें शिरण्यापूर्वीं तें माप पाहून घ्यावें लागतें.

परंतु पूल गाडीला ‘लांब हो’ म्हणत असतां राज्यांचे कायदे तिला ‘आंखूड हो’ म्हणत होते, आणि नाकाची कथा या ओढाताणींतच आहे. राज्याराज्यांनीं गाडीच्या एकूण लांबीला मर्यादा घातली होती; कोठें ५५ फूट, कोठें ६०, तर कोठें ६५. माप घ्यावयाचें तें पुढच्या टोंकापासून शेपटापर्यंत. आतां ५५ फुटांतून ४० फुटी ट्रेलर वजा केला, तर इंजिन, चालक, त्याची निजण्याची जागा व मधलें अंतर या सर्वांना मिळून उरतात केवळ १५ फूट. भाडें मिळतें तें मालाचें. ट्रॅक्टरला दिलेलें प्रत्येक इंच मालाच्या वांट्यांतून जाणार, हें गाडीच्या मालकाला सांगावें लागत नव्हतें. कारखानदारांनीं मग इंजिन चालकाच्या खालीं घातलें, आणि नाक नाहींसें झालें. जेथें मर्यादा सैल होती, त्या पश्चिमेकडील राज्यांत लांब नाकाच्या गाड्या बऱ्याच टिकून राहिल्या. जेथें ती कडक होती, तेथें सपाट तोंडाच्या गाड्यांनीं रस्ते भरून गेले. नकाशावर कायद्याची सीमा बदलली कीं गाडीचा चेहराही बदले.

या काटकसरीची किंमत चालकानें दिली. तो आतां पुढच्या आंसाच्या डोक्यावरच बसला. रस्त्यांतला प्रत्येक खड्डा सरळ त्याच्या कण्याला भेटूं लागला. दोन आसनांच्या मधून इंजिनाचा उंचवटा वर आलेला, त्याची धग व आवाज दिवसभर सोबतीला. इंजिन दुरुस्त करण्यासाठीं अख्खी कॅबिन पुढें उलटावी लागे. समोरून टक्कर झाली तर मध्यें आड येण्यास कांहींच नाहीं. झोंपण्याची जागा निदान ७५ इंच लांब व २४ इंच रुंद असावी, असा नियम १९७५ नंतरच्या गाड्यांना लागू झाला. यावरूनच तिच्या ऐसपैसपणाची कल्पना येईल. जुन्या अरुंद फळ्यांना चालक ‘शवपेटी’ म्हणत.

१९८२ च्या अखेरीस काँग्रेसनें नवा कायदा केला, व तो पुढच्या वर्षीं अमलांत आला. राष्ट्रीय महामार्गांवर अशा जोडगाडीच्या एकूण लांबीला राज्यांनीं मर्यादा घालूं नये, फक्त ट्रेलर मोजावा, आणि तो निदान ४८ फुटी तरी चालूं द्यावा, असें त्यानें ठरविलें. ही तरतूद व्यापाराच्या सोयीची होती. परंतु मोजपट्टी ट्रॅक्टरवरून उचलली जातांच, चालकाला दिलेल्या इंचाची किंमत शून्य झाली. इंजिन पुन्हां पुढें गेलें, आसन आंसाच्या मागें आलें, पाठीमागें हातपाय पसरण्याजोगी खोली झाली, आणि सपाट तोंडाच्या नव्या गाड्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. १९८५ सालीं केनवर्थ कंपनीनें वारा कापण्यासाठीं उतरत्या नाकाची ‘टी-६००’ ही गाडी काढली, तेव्हां चालकांनीं तिला ‘मुंगीखाऊ’ म्हणून हिणविलें. पण इंधनाची बचत पाहून पुढें इतर कारखानदारही त्याच वाटेनें गेले.

युरोपांत मात्र एकूण लांबी आजही मोजली जाते. अशा जोडगाडीला तेथें साधारणतः १६.५ मीटरची मर्यादा आहे, म्हणून तेथील गाड्या आजही सपाट तोंडाच्याच आहेत. २०१५ च्या दुरुस्तीनें सुरक्षितता व वारा कापणें यांसाठीं कॅबिन थोडी वाढविण्याची मुभा मिळाली, आणि २०२१ मध्यें नेदरलंडच्या डाफ कंपनीनें त्याप्रमाणें लांबविलेल्या कॅबिनच्या गाड्या बाजारांत आणल्या.

तथापि लांब नाक म्हणजे निखळ सुधारणा, असेंही म्हणतां येत नाहीं. उंच व लांब नाकामागें बसलेल्या चालकाला अगदीं समोरून रस्ता ओलांडणारें मूल दिसणें कठिण होतें. सपाट तोंडाची गाडी गल्लीबोळांत सहज वळते, व चालकाची नजरही रस्त्याच्या अधिक जवळ असते. म्हणजे एका कायद्यानें चालकाचा कणा खर्ची घातला, तर दुसऱ्यानें पादचाऱ्याची सुरक्षितता कांहींशी पणाला लावली. आणि दोन्ही कायदे करणाऱ्यांच्या मनांत यांपैकीं कोणीच प्रामुख्यानें नव्हतें.

या इतिहासांतून घेण्यासारखें तें एवढेंच. कायदा जें मोजतो, त्याची काटकसर होते. जें मोजीत नाहीं, त्यांतून ती काटकसर वसूल केली जाते. लांबी मोजणाऱ्यांनीं चालकाला दुखवावें असें मुळींच ठरविलें नव्हतें. त्यांनीं फक्त गाडी मोजली, आणि तिच्यांत माणूस बसतो हें मोजमापाच्या वहींत लिहिण्याचें राहून गेलें. मोजपट्टी हातांत घेणाऱ्या प्रत्येकानें, आपण मोजीत आहों त्या वस्तूच्या आंत कोण बसलें आहे आणि तिच्या वाटेवर कोण चाललें आहे, हें आधीं पाहून घ्यावें.