सदाहरित झाड बारा महिने काम करते का?

शाळेच्या आवारातले जांभळाचे झाड बारा महिने हिरवे दिसते. हिरव्या पानात प्रकाशसंश्लेषण होते, हे आपण वर्गात शिकवतो. मग एखादी मुलगी विचारते, "हे झाड आषाढात आणि वैशाखात सारखेच अन्न तयार करते का?" पाठ्यपुस्तकातले समीकरण इथे अपुरे पडते, कारण त्यात ऋतू नाहीत आणि डोंगरही नाहीत. या प्रश्नाचे उत्तर कसे सापडत गेले ते पाहू.

१७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवून दिले की, हिरवी पाने प्राणवायू सोडतात ती फक्त प्रकाशात. १८०४ मध्ये जिनीव्हाच्या निकोला द सोस्यूर यांनी काटेकोर वजने करून या क्रियेत पाण्याचाही वाटा असतो हे सिद्ध केले. प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी अशी यादी तयार झाली. पण यांपैकी कशाची उणीव केव्हा जाणवते, हे कळायला आणखी शंभर वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिज येथे फ्रेडरिक ब्लॅकमन आणि त्यांच्या सहकारी गॅब्रिएल मॅथेई यांनी यावर प्रयोग केले. मॅथेईबाईंनी निवडलेले पान चेरी लॉरेल या सदाहरित झुडपाचे होते. त्या पानाला वेगवेगळ्या तापमानांत आणि कमीजास्त प्रकाशात ठेवून ते किती कार्बन डायऑक्साइड घेते ते त्यांनी मोजले. प्रकाश अपुरा असेल, तर ऊब वाढवून फायदा होत नव्हता. पान गार असेल, तर प्रकाश वाढवूनही एका मर्यादेपुढे काम सरकत नव्हते. १९०५ मध्ये ब्लॅकमन यांनी यातून नियम मांडला: अनेक घटकांवर चालणाऱ्या क्रियेचा वेग सर्वांत अपुऱ्या घटकावर ठरतो. बैलगाडीचा एक बैल थकला, तर दुसरा कितीही ताकदीचा असला तरी गाडी थकलेल्याच्याच चालीने जाते, तसेच हे. पुढच्या संशोधनाने या नियमाला मुरड घातली. दोन घटकांची उणीव एकाच वेळी जाणवू शकते, हे कळले. पण मूळ विचार टिकला.

आता हा नियम घेऊन नाशिक जिल्ह्यात येऊ. आषाढात पाणी मुबलक असते, पण आभाळ दिवसचे दिवस झाकलेले असते. उणीव असते ती प्रकाशाची. पाऊस सरल्यावर आकाश निवळते आणि जमिनीत ओल असते. हे दिवस झाडाला सर्वांत सोयीचे. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत सकाळी पान मंदावते, पण ऊन चढले की कामाला लागते. वैशाखात प्रकाश हवा तितका असतो, मात्र पाण्याची ओढ असते. पाणी वाचवण्यासाठी झाड भर दुपारी पर्णरंध्रे बरीचशी मिटून घेते आणि त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचीही वाट अडते. पान हिरवेच दिसते, काम मात्र मुख्यतः सकाळी उरकते.

आणि उंचीचे काय? कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी, म्हणून कार्बन डायऑक्साइडही त्याच प्रमाणात विरळ. पण विरळ हवेत वायू अधिक सहज पसरतो, त्यामुळे तोटा काही अंशी भरून निघतो. नाशिक शहरापेक्षा तिथे सरासरी सहा-सात अंशांनी गारवाही असतो. उन्हाळ्यात तो झाडाच्या पथ्यावरच पडतो.

खरी गंमत पुढेच आहे. इगतपुरी आणि नाशिक शहर दोन्ही सुमारे ६०० मीटर उंचीवर आहेत. तरी घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर नाशिकला जेमतेम ७००. म्हणजे आपल्याकडे झाडाचे वेळापत्रक नुसत्या उंचीवर ठरत नाही. पाऊस किती पडतो आणि त्यातला किती मुळांपर्यंत टिकतो, हे अधिक महत्त्वाचे.

मुळांचा हा धागा पुन्हा मॅथेईबाईंच्या घरापर्यंत जातो. १९०५ मध्ये त्या भारतात आल्या आणि अल्बर्ट हॉवर्ड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. बिहारमधील पुसा येथे आणि नंतर होळकरांच्या इंदूरमध्ये दोघांनी शेतीवर संशोधन केले. पुसाच्या फळबागेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी झाडांची मुळे उकरून पाहिली आणि १९२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरच्या थरातली मुळे ओल असताना काम करतात, तर कोरड्या उन्हाळ्यात खोल गेलेली मुळे झाडाला पाणी पुरवतात, असे त्यांना आढळले.

आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच आहे. वनमहोत्सवात, जुलैमध्ये, आपण मुलांच्या हातून रोपे लावतो. त्या वेळी प्रत्येक रोप टवटवीत असते. पण त्याची परीक्षा एप्रिलमध्ये होते, आणि तोवर त्याची मुळे मुरूम-कातळातून खोल गेलेली नसतात. "सदाहरित आहे, जगेल" हा तर्क इथे फसतो. इगतपुरीला जगणारे रोप सिन्नरच्या माळावर पाण्याविना टिकेलच असे नाही. म्हणून रोप लावतानाच पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार, हे वर्गात ठरवून घ्यावे.

जोडीला एक प्रयोग करता येईल. शाळेतल्या जास्वंदीचे पान ऑगस्ट, डिसेंबर आणि एप्रिल या महिन्यांत, संध्याकाळी एकाच वेळी तोडून आयोडीनची नेहमीची पिष्टमय पदार्थांची चाचणी करावी. स्पिरिट मात्र गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच तापवावे, थेट ज्योतीवर नाही. रंगाचा गडदपणा हे अचूक माप नव्हे. पण नोंदी तीन वर्षे ठेवल्या, तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतःच शोधू लागतील.