थ्रेड: उरुकचा वाडगा आणि जवाचा हिशेब

माणूस शेती करू लागला, धान्य उरू लागले, उरलेल्या धान्यावर शहरे उभी राहिली. शाळेत शिकलेला हा क्रम तीन वाक्यांत संपतो. प्रत्यक्षात पहिल्या वाक्यापासून तिसऱ्यापर्यंत पोहोचायला सुमारे पाच हजार वर्षे लागली.

आपली प्रजाती जवळपास ३ लाख वर्षांपूर्वीची. पश्चिम आशियात गहू आणि जव यांची लागवड सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी रुजली. दक्षिण इराकमधील उरुक (आजचे वारका) मात्र खऱ्या अर्थाने शहर झाले ते इ.स.पू. ३५०० नंतर. मधल्या काळात खेडी होती, कोठारे होती, भाजलेली भांडीही होती. मग शहर का नव्हते?

उत्तर 'उरलेले धान्य' या शब्दांतच दडले आहे. धान्य आपोआप उरत नाही. कुटुंब आपल्या पोटापुरते, बियाण्यापुरते आणि वाईट वर्षाच्या तरतुदीपुरते पिकवते. त्याहून जास्त पिकवायचे तर ते मागणारा कुणीतरी लागतो, आणि मागणाऱ्याला मोजता यावे लागते. जेम्स स्कॉट या अभ्यासकाने या संदर्भात तृणधान्यांकडे लक्ष वेधले आहे : ती जमिनीवर दिसतात, ठरावीक वेळी एकदम पिकतात, मापाने वाटता येतात आणि साठवून ठेवता येतात. जमिनीत लपणारे कंद वसुलीसाठी फार गैरसोयीचे.

उरुकच्या मातीत याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे एक कुरूप वाडगा. तिरप्या काठाचा, भुसा मिसळलेल्या जाड्याभरड्या मातीचा, चाकावर न घडवता साच्यात दाबून काढलेला. नक्षी नाही, रंग नाही. त्या काळच्या वसाहतींत याचे तुकडे इतके सापडतात की उत्खनन करणाऱ्याला कंटाळा यावा. सीरिया आणि इराणपर्यंत ते पसरले आहेत. हान्स निसेन यांच्या मते हा मजुराच्या रोजच्या शिध्याचे माप होता. काहींना तो पाव भाजण्याचा साचा वाटतो. मला या वादाने फारसा फरक पडतो असे वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंनी चित्र एकच दिसते : स्वतःच्या चुलीवर न शिजलेले, दुसऱ्याने ठरवलेल्या मापाचे अन्न खाणारी असंख्य माणसे.

आणि मग लिपी येते. सुरुवातीच्या लेखनात 'खाणे' किंवा 'शिधा' यासाठीचे चिन्ह कसे आहे? माणसाचे डोके आणि त्याच्या तोंडाशी तसाच एक वाडगा.

उरुकमधील जर्मन उत्खननात आणि इतरत्र मिळून या आद्य लिपीच्या ५,००० हून अधिक पाट्या व तुकडे मिळाले आहेत. त्यांतील सुमारे ८५ टक्के मजकूर निव्वळ हिशेबाचा आहे. उरलेल्या भागात शब्दांच्या याद्या आहेत, लेखनिक घडवण्यासाठीच्या. देवस्तुती आणि नीतिवचने ठळकपणे दिसू लागतात ती इ.स.पू. २६०० च्या सुमारास. म्हणजे सहा-सातशे वर्षे लिपी प्रामुख्याने कारकुनाची होती.

हा हिशेबही सोपा नव्हता. जे वर्तुळाकार चिन्ह मेंढ्या मोजताना लहान एककाच्या १० पट धरले जाई, तेच जव मोजताना ६ पट होई. वस्तू बदलली की अंकाची किंमत बदले. धान्य पायलीने आणि सोने तोळ्याने मोजणाऱ्यांच्या नातवंडांना हे फार परके वाटू नये!

एका पाटीवर २९,०८६ मापे जव, ३७ महिने आणि 'कुशिम' अशी नोंद आहे. हा कुशिम बिअरसाठीच्या जवाचा कारभार पाहत असे. अनेकदा त्याला इतिहासातील पहिले ज्ञात नाव म्हटले जाते. पण ते व्यक्तीचे नाव नसून हुद्द्याचेही असू शकते, त्यामुळे त्या बिरुदावर फार भर देऊ नये.

मला अधिक अस्वस्थ करते ती दुसरी नोंद. 'स्त्री' आणि 'डोंगर' ही दोन चिन्हे शेजारी ठेवली की अर्थ होतो दासी. उरुकभोवती डोंगर नाहीत, सपाट गाळाची जमीन आहे. डोंगर म्हणजे परमुलूख, झाग्रोसच्या बाजूचा प्रदेश. तिथून आणलेली बाई ही पहिल्या शहराच्या पहिल्या शब्दसंग्रहातच आहे. रॉबर्ट एंगलंड यांनी दाखवून दिले की गुलामांच्या नोंदी ठेवण्याची रीत गुरांच्या कळपांच्या नोंदींशी जुळते.

पुढे सुमेरी भाषा बोलण्यातून गेली, अक्कदी आली, राज्ये बदलली. हे जोडचिन्ह मात्र टिकले. अक्कदी लेखनिक ते 'अम्तु' असे वाचत, आणि अर्थ तोच राहिला.