आफ्रिकन ग्रेचे पिल्लू घरी येते तेव्हा

पिंजऱ्यातला पोपट म्हटला की मराठी मनापुढे अजूनही हिरवा राघू उभा राहतो: लाल चोच, गळ्याभोवती कंठ, पायात धरलेली पेरूची फोड. गोव्यात त्याला कीर म्हणतात आणि जुन्या घरांच्या ओसरीवर त्याच्या पिंजऱ्याची आकडी आजही कुठेकुठे दिसते. आता मात्र आकडीच उरली आहे. कीर, तुईया, पहाडी पोपट हे सारे देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असून त्यांना पकडणे, विकणे आणि घरी ठेवणे हा गुन्हा आहे. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१पासून बंद झाला आणि हौशी लोकांचा मोर्चा परदेशी पोपटांकडे वळला. त्यांत सर्वाधिक मान मिळाला तो आफ्रिकन ग्रे या राखी रंगाच्या, तांबड्या शेपटीच्या पक्ष्याला. त्याची किंमत मोठी, कीर्ती त्याहून मोठी आणि जबाबदारी या दोहोंपेक्षा मोठी. तिसऱ्या गोष्टीची चर्चा सहसा पक्षी घरी आल्यानंतर सुरू होते.

‘सित्ताकस एरिथाकस’ हे त्याचे शास्त्रीय नाव. लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील सखल प्रदेशातली दमट अरण्ये हे त्याचे घर. आयव्हरी कोस्टपासून कॅमेरून, गॅबन, काँगो ओलांडून पश्चिम केनियापर्यंत त्याचा वावर. तेल-पामची फळे हे त्याचे आवडते खाद्य. टिम्नेह नावाचा त्याचा लहानखुरा, काळपट तपकिरी शेपटीचा भाऊबंद त्याहूनही पश्चिमेला राहतो. पूर्वी तो याच जातीचा प्रकार मानला जाई, आता त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा आहे. नर आणि मादी बाहेरून सारखेच दिसतात. विक्रेता ‘नर आहे, चांगला बोलेल’ असे छातीठोकपणे सांगत असला, तरी पिसाच्या किंवा रक्ताच्या डीएनए तपासणीशिवाय ते कळत नाही. बोलण्याचा तर नर-मादीशी संबंधच नाही.

या पक्ष्याच्या बुद्धीची ख्याती जगभर पसरली ती ॲलेक्समुळे. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने १९७७मध्ये शिकागोतील एका पाळीव प्राण्यांच्या दुकानातून हा पक्षी आणला आणि पुढील तीस वर्षे त्याच्यासोबत काम केले. वस्तूंची नावे, रंग, आकार, ‘सारखे’ आणि ‘वेगळे’ यांतला फरक, सहापर्यंतची मोजणी एवढे तो अर्थ समजून सांगत असे. ‘पोपटपंची’ हा आपला शब्द त्याच्या बाबतीत तरी अन्यायाचा ठरतो. २००७च्या सप्टेंबरमध्ये, ३१ वर्षांचा असताना, ॲलेक्स मरण पावला. राखी पोपटाच्या हिशेबाने हे वय फार नव्हे. चांगली निगा राखली तर पिंजऱ्यातला पक्षी चाळीस ते साठ वर्षे जगू शकतो.

हीच कीर्ती त्याच्या मुळावर आली. १९७५ ते २०१३ या काळात रानातून पकडलेले तेरा लाखांहून अधिक राखी पोपट आंतरराष्ट्रीय बाजारात गेले. सापळ्यात, गोणीत आणि वाहतुकीत मेलेले यात धरलेले नाहीत. घानामध्ये १९९२नंतरच्या दोन दशकांत त्यांची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. जिथे संध्याकाळी शेकड्यांनी थवे उतरत, ती झाडे ओस पडली. २०१६मध्ये ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी जोहान्सबर्ग येथे भरलेल्या ‘साइट्स’ कराराच्या परिषदेने तिला परिशिष्ट १मध्ये घातले. ते बंधन जानेवारी २०१७पासून लागू झाले. रानातल्या पक्ष्याचा व्यापारी हेतूने होणारा आंतरराष्ट्रीय व्यवहार तेव्हापासून बंद आहे. आज कायदेशीरपणे विकला जाणारा प्रत्येक पक्षी बंदिवासातच जन्मलेला असावा लागतो.

कागद आधी, पक्षी नंतर

भारताने २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती करून साइट्सची परिशिष्टे चौथ्या अनुसूचीत आणली आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून अमलात आली. त्यापुढचे नियम फेब्रुवारी २०२४मध्ये निघाले. त्यांनुसार अशा जातीचा जिवंत प्राणी ताब्यात असणाऱ्याने केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करायची आहे. आधीपासून पक्षी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती आणि ती केव्हाच सरली. नव्याने पक्षी आणणाऱ्याला ताबा मिळाल्यापासून तीस दिवस मिळतात. पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो दगावला, तरी ते कळवावे लागते. परिशिष्ट १मधील जातीची पैदास करणाऱ्याला वेगळा परवाना लागतो. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, परवान्याचा विचारावा. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी गालांचा लव्हबर्ड हे पक्षी साइट्सच्या यादीबाहेर आहेत, त्यामुळे त्यांना ही नोंदणी लागत नाही. ‘लव्हबर्डला कोण विचारतो, मग याला कोण विचारणार’ ही दुकानदाराची समजूत चुकीची आहे ती यामुळेच.

पिल्लाच्या पायातली कडी नीट पाहावी. अखंड, जोड नसलेली कडी पिल्लू काही दिवसांचे असतानाच चढवता येते. मोठ्या पक्ष्याच्या पायात ती जात नाही. म्हणजे अशी कडी ही बंदिवासातल्या जन्माची एक खूण झाली. कडीवरचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. कडीच नसेल, किंवा जोड दिलेली कडी दाखवून घाईने विषय बदलला जात असेल, तर तिथून परत फिरणे उत्तम. वय डोळ्यांवरून ओळखता येते. पिल्लाचा डोळा गडद, जवळजवळ काळा असतो; काही महिन्यांनी तो राखाडी होतो आणि एक-दोन वर्षांत फिकट पिवळा. पिवळ्या डोळ्यांचा पक्षी ‘तीन महिन्यांचा’ म्हणून विकला जात असेल तर त्याचा पूर्वेतिहास वेगळाच आहे.

आणखी एका मोहापासून दूर राहावे. ‘हाताने भरवलेले पिल्लू अधिक लळा लावते’ असे सांगून अजून स्वतः खाऊ न शकणारी, अंगावर अर्धीच पिसे असलेली पिल्ले खोक्यात घालून विकली जातात. पातळ खाद्य थोडे जास्त गरम झाले तर अन्नाची पिशवी आतून भाजते, थंड झाले तर पचत नाही, घाईत भरवले तर श्वासनलिकेत जाते. अनुभवी माणसाच्या हातूनही पिल्ले जातात. नवख्याच्या हातून तर जास्तच. राखी पोपटाचे पिल्लू साधारण बाराव्या आठवड्यात उडू लागते आणि त्यानंतर काही आठवड्यांनी पूर्णपणे स्वतःचे स्वतः खाऊ लागते. तोपर्यंत ते पैदास करणाऱ्याकडेच राहू द्यावे. उडायला शिकलेले पिल्लू पुढे धीट होते, असाही अनुभव आहे. म्हणून पंख छाटून देण्याची ‘सोय’ नाकारावी.

पहिला महिना

पिंजरा पक्षी येण्यापूर्वी तयार हवा. दोन्ही पंख पसरून आत फिरता येईल एवढी जागा लागते. ६० सेंटिमीटर लांबी-रुंदी आणि ९० सेंटिमीटर उंची ही किमान मर्यादा समजावी, पुरेशी नव्हे. गजांतले अंतर दोन ते अडीच सेंटिमीटर. जस्ताचा मुलामा दिलेली तार टाळावी, कारण हा पक्षी दिवसभर गज चावतो आणि जस्ताची विषबाधा जिवावर बेतते. दुकानात मिळणाऱ्या एकसारख्या गुळगुळीत दांड्यांपेक्षा पेरूच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या पायांना मानवतात, चावायलाही होतात. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असावी. चारी बाजूंनी उघडा पिंजरा म्हणजे त्याच्या लेखी चारी बाजूंनी धोका. रानात याच्यावर ससाणे झेपावतात आणि ती भीती त्याने रक्तात आणलेली असते.

स्वयंपाकघरात पिंजरा कधीही ठेवू नये. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो. पक्ष्याची श्वसनसंस्था फुप्फुसांवर थांबत नाही. तिच्या हवेच्या पिशव्या शरीरभर पसरलेल्या असतात. त्यामुळे देवघरातली उदबत्ती आणि धूप, डासांची कॉइल, फिनेल, सुगंधी फवारे या आपल्या रोजच्या गोष्टी त्याला बाधतात. छताचा पंखा हा दुसरा शत्रू. पक्षी बाहेर असताना पंखा बंद आणि खिडक्यांना जाळी, हा नियम घरातल्या सर्वांनी, अगदी पाहुण्यांनीही पाळावा लागतो.

पहिले तीन-चार दिवस पिल्लाला हात लावण्याची घाई करू नये. नव्या वस्तूची आणि नव्या जागेची धास्ती हा या जातीचा स्वभावच आहे. भ्यालेले पिल्लू घशातून गुरगुरते. ते चिडलेले नसते. जवळ बसून हलक्या आवाजात बोलावे, पेपर वाचावा, त्याने पाहिले की आवडीचा घास द्यावा. हातावर चढायला तो दोन दिवस घेईल किंवा दोन आठवडे. शेजारच्या मुलांना दाखवण्याचा सोहळा महिनाभर पुढे ढकलला तर काही बिघडत नाही. रात्री दहा ते बारा तास शांत अंधार लागतो. दिवाणखान्यात उशिरापर्यंत टीव्ही चालणार असेल तर झोपेचा पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवावा.

पहिल्याच आठवड्यात पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. छोट्या गावांत कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सापडतात, पक्ष्यांचे विरळा. म्हणून तो शोध पक्षी घेण्यापूर्वी लागतो. पोपटांमधला पिसे आणि चोच खराब करणारा विषाणू तसेच सिटाकोसिस या दोन तपासण्या महत्त्वाच्या. सिटाकोसिस माणसालाही होतो. घरात कोणाला ताप आणि कोरडा खोकला आला तर पोपट पाळल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावे. राखी पोपटाच्या अंगावरून सतत पांढरी भुकटी झडते. दम्याचा रुग्ण असलेल्या घराने हा विचार आधीच केलेला बरा.

आजार लपवणे हा सावज असणाऱ्या प्रत्येक प्राण्याचा धर्म. पक्षी फुगून बसलेला दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी, खाण्यापूर्वी, त्याचे वजन घेऊन वहीत लिहावे. ते दहा टक्क्यांनी उतरले तर बाकी काही दिसत नसले तरी डॉक्टर गाठावा.

आहाराबाबत मराठी घरांचा समज जुना आहे: भिजवलेली चण्याची डाळ, मिरची, पेरू. मिरची खरोखरच चालते, कारण तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. पण नुसत्या डाळीवर किंवा सूर्यफुलाच्या बियांवर हा पक्षी वाढत नाही. अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम या दोहोंची कमतरता राखी पोपटात लवकर होते. कॅल्शियम फार उतरले तर झटके येतात. तयार गोळी-खाद्याच्या जोडीला गाजर, लाल भोपळा, पपई, शेवग्याचा पाला, वाफवलेली चवळी असावी. तांबडी भाजी अधूनमधून, कारण तिच्यातले घटक कॅल्शियम बांधून ठेवतात. कोवळे ऊन हवे, तेही काचेतून नव्हे. खिडकीची काच उन्हातला उपयोगी भाग अडवते. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी आणि खारवलेले पदार्थ पूर्ण वर्ज्य.

कोकण-गोव्यातला पावसाळा या पक्ष्याची परीक्षा पाहतो. राखी पोपटाला बुरशीमुळे होणारा श्वसनविकार इतर पोपटांपेक्षा सहज जडतो. सादळलेल्या शेंगदाण्यांवरची बुरशी यकृत नासवते, म्हणून जून ते सप्टेंबर शेंगदाणे न दिलेलेच बरे. पिंजऱ्याखालचा कागद रोज बदलावा, ओले खाद्य दोन तासांत काढावे.

बोलणे साधारण वर्षभरानंतर सुरू होते. काही पक्षी कधीच बोलत नाहीत. बोलू लागला तरी तो आपण शिकवलेलेच उचलेल असे नाही. कुकरची शिट्टी, मोबाइलची रिंग, पहाटे दारावरून जाणाऱ्या पोदेराचा भोंगा, घरातल्या भांडणातला चढलेला स्वर हे तो आधी पकडतो. दिवसातले तीन-चार तास सोबत मिळाली नाही तर तो स्वतःची पिसे उपटू लागतो आणि ही सवय जडली की सुटणे कठीण. नोकरीनिमित्त दिवसभर कुलूप लागणाऱ्या घराने हा पक्षी आणू नये. कंटाळा आला म्हणून त्याला मोकळे सोडणेही दया नव्हे. इथल्या रानात त्याला अन्न ओळखता येत नाही आणि कावळे दुसरा दिवस उजाडू देत नाहीत.

चाळिशीत पिल्लू आणणाऱ्याने पक्ष्याचे पुढचे घर कोणते, हे त्याच दिवशी ठरवून ठेवावे. मुलगा परदेशी, मुलगी सासरी आणि सत्तरीतल्या आजी-आजोबांच्या हाती तिशीतला पोपट, असे चित्र पाहायला मिळू लागले आहे. ज्याच्याकडे पक्षी जायचा, त्याची ओळख पक्ष्याशी लहानपणापासून झालेली असावी आणि ताबा बदलला की ती नोंद वन खात्याकडे व्हावी. त्यासाठी खरेदीची पावती, कडीचा क्रमांक, नोंदणीचे प्रमाणपत्र आणि वजनाची वही एकाच पाकिटात, घरातल्या दोघांना तरी ठाऊक असेल अशा जागी ठेवावी.